उखर्डू मिस्त्रीची ट्रायल

गॅरेज कोणतं चांगलं, असं विचारतोस भटू? शंभराच्या पुढे सुसाट जाणारी गाडी आधी आणलीस आणि मिस्त्री आता शोधतोस. बस इथं. तुम्हीही बसा रे. दार लोटून घ्या, वारा येतोय.

धुळ्यात गॅरेजं पुष्कळ आहेत. पण मिस्त्रीला एकच विचारायचं, ब्रेकचं काम केल्यावर पहिल्या ट्रायलला तू शेजारी बसशील का? हे मला लोटननं शिकवलं. लोटन माझा आतेभाऊ. त्याच्यावर काय गुदरलं ते सांगतो, मधे कोणी हसू नका.

त्यानं जळगावच्या एका व्यापाऱ्याची वापरलेली काँटेसा घेतली होती. काळी, लांबलचक, जपानी इंजिनाची. पारोळ्याच्या अलीकडे आमचं गाव, तिथं तोवर जीप आली तरी पोरं मागे पळायची. लोटनला त्या गाडीचं भारी वेड. पण ब्रेक दाबला की ती डावीकडे ओढायची. सहा महिने हा बाबा मिस्त्री शोधत फिरला. एकानं चांगला कार्ब्युरेटर काढून घेतला आणि भंगारातला बसवला. दुसऱ्यानं ब्रेक राहू दिला आणि हॉर्न दुरुस्त करून दिला. शेवटी एरंडोलला उखर्डू मिस्त्री भेटला. रस्त्याकडेला पत्र्याची शेड, पायात टायरच्या चपला. काढलेला पार्ट फडक्यात बांधून मालकाच्या हातात द्यायचा, असा सरळ माणूस.

लोटननं गुरुवारी गाडी लावली. रविवारी त्याच्या सुनंदाचं लग्न होतं.

"याच गाडीमा मन्ही पोर सासरे जाई, मिस्तरी," लोटन म्हणाला.

"तं मंग शनवारले या. पन मी बाजूले बठसू, तव्हयच गाडी रस्तावर काढानी. मन्हाबिगर नही."

१९९१ साल. डिसेंबरातला दुसरा शनिवार. अमावास्या-बिमावास्या काही नव्हती, चांगला अर्धा चंद्र वर होता. एसटी वाटेत बंद पडली म्हणून लोटनला एरंडोलला पोचायला रात्रीचे पावणेनऊ झाले. शेडचं दार नुसतं लोटलेलं. आत दिवा नाही. गाडी बाहेर, रस्त्याकडे तोंड करून उभी, आणि चावी नेहमीच्या खिळ्याला. मिस्त्रीचं घर लांब, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. लोटननं दोन हाका मारल्या. अर्धा तास वाट पाहिली. उद्या मांडवात वरात यायची आणि नवरीचा बाप इथं थंडीत कुडकुडतोय. काम तर झालेलं दिसतंय, असं म्हणून त्यानं चावी लावली. इथंच तो चुकला, हे तो स्वतःच सांगायचा.

रस्ता मोकळा होता. गाडी पाण्यासारखी पळत होती. ब्रेक लावायची वेळच आली नाही. आणि मग त्याला वास आला. धुराचा. बिडीचा नव्हे, लाकडं जळाल्याचा. कुठं शेत पेटवलं असेल म्हणून त्यानं काच वर केली.

वास आतच होता.

त्यानं डावीकडे पाहिलं. शेजारच्या सीटवर उखर्डू मिस्त्री बसलेला.

"मिस्तरी... कव्हय बठनात तुम्ही?"

मिस्त्री समोर बघत होता. मीटरच्या उजेडात त्याचा गाल राखाडी दिसत होता. वळण आलं. मिस्त्रीचा पाय खाली आपटला. ठक.

शेजारी बसलेला मिस्त्री असा पाय दाबतोच, भटू. सवयच असते. लोटनला तेवढाच धीर आला.

पुढचं वळण. ठक.

"बठ्ठं काम व्हयनं ना, मिस्तरी?"

सगळं काम झालं ना, हे लोटननं पुन्हा एकदा विचारलं.

मग सरळ रस्त्यावरही... ठक. ठक. ठक. डोळ्याची पापणी हलत नव्हती. छाती हलत नव्हती. थंडीत लोटनच्या तोंडातून वाफ येत होती. मिस्त्रीच्या तोंडातून काहीच नाही.

लोटन घाबरला. घाबरलेला माणूस काय करतो? घर गाठायला बघतो. त्यानं गाडी दामटली. ऐंशी. नव्वद. शंभर. ठक ठक ठक ठक...

ओढ्याचा उतार लागला. उतार संपतो तिथं, पुलाच्या तोंडाशी, कापसाच्या बैलगाड्या. चार. दिवा एकीलाही नाही. शेवटच्या गाडीत कापसावर एक बाई झोपलेली. लोटननं ब्रेक दाबला.

पेडल थेट तळाला गेलं. गाडीचा वेग तसूभर कमी झाला नाही.

पुन्हा दाबला... काही नाही.

सुनंदा... एवढंच त्याच्या तोंडून आलं. त्यानं डोळे मिटले.

शेजारून एकच आवाज आला. ठक नव्हे. पत्रा दबल्याचा.

मग शांतता.

डोळे उघडले तेव्हा गाडी उभी होती. पुढच्या बंपरपासून बैलगाडी वीतभर लांब. बाई उठून बसली होती. गाडीवान धावत आला.

"काय व्हयनं भाऊ?"

"ब्रेक गया... मिस्तरीनी वाचाडं."

"कोनता मिस्तरी?"

"उखर्डू मिस्तरी. हाई काय, आठे बठेल..."

सीट रिकामी होती. दार आतून लावलेलं.

गाडीवान एरंडोलचाच. तो दोन पावलं मागे सरला. "उखर्डू मिस्तरी? तो तं काल रातले गया, भाऊ. गाडीखालेच, काम करता करता. आज दुपारले आग दिधी. मी सोता खांदा देईसन उनू."

लोटन तिथून चालत घरी आला. सुनंदाला जीपमधून सासरी पाठवली. आठ दिवसांनी आम्ही ती गाडी टो करून धुळ्याला नेली. मी स्वतः बरोबर होतो. तिथल्या मिस्त्रीनं तपासून सांगितलं, सामान सगळं नवीन आहे, पण ब्रेकच्या तेलाच्या नळ्यांतली हवा काढायची राहूनच गेलीय. या गाडीला ब्रेक नव्हताच.

मग त्यानं डावीकडच्या सीटपुढची चटई उचलली. आणि मला हात करून बोलावलं.

डावीकडे पेडल नसतं रे. नुसता पत्रा असतो. तो पत्रा बोटभर खोल दबला होता. मी हात लावून पाहिला. टायरच्या चपलेचा ठसा होता, नक्षीसकट.

एकाच पायाचा. उजव्या.