बाकीचा रकाना

आमची कंपनी लिफ्टची देखभाल करते. ऑफिस साकीनाक्याला, गाळ्यांच्या एका जुन्या इमारतीत. तिथली स्वतःची लिफ्ट अधूनमधून बंद पडते आणि हर्षद दरवेळी तोच विनोद करतो की चांभाराच्या पायात चप्पल कशाला हवी. मी फिजिक्समध्ये एमएस्सी केलं आणि इथे डेटा बघायला लागले. घरी सांगताना मी नुसतं 'कॉम्प्युटरचं काम' म्हणते.

नव्या लिफ्ट आपल्या प्रत्येक थांब्याची नोंद ठेवतात. वेळ, मजला आणि दार उघडं असताना वजनात पडलेला फरक. कोणी चढलं तर अधिक, उतरलं तर उणे. एका थांब्याची एक ओळ. दिवसभरात अशा शेकडो ओळी जमतात आणि त्या कोणीच वाचत नाही, कारण नुसत्या ओळींवरून डोळा फिरवून काही कळत नाही. म्हणून त्या उभ्या रकान्यांत वळवायच्या. एका दिवसाची एकच ओळ ठेवायची आणि प्रत्येक मजल्याला एक रकाना द्यायचा. क्वेरीत, म्हणजे नोंदींना विचारायच्या प्रश्नात, हे रकाने हाताने लिहावे लागतात: मजला तळाचा असेल तर बेरीज इथे, पहिला असेल तर तिथे, असं शेवटच्या मजल्यापर्यंत.

पहिला प्रयोग मी आमच्या राहत्या इमारतीवर केला. घाटकोपरला भटवाडीत टेकडीच्या उतारावर आमची चाळ होती. ती पाडून तिथे टॉवर झाला आणि आम्ही आठव्या मजल्यावर गेलो. कोण कधी खाली जातं, कोण कधी वर येतं हे मला तोंडपाठ होतं. आकडे चुकले तर लगेच कळलं असतं.

तपासणी सोपी होती. लिफ्टमध्ये जे चढतं ते कुठेतरी उतरतंच. म्हणजे एका दिवसाच्या सगळ्या रकान्यांची बेरीज शून्याच्या आसपास यायला हवी.

ती आली नाही. रोज सुमारे अठ्ठेचाळीस किलो जास्त चढत होतं.

"हर्षद, आमच्या इमारतीत रोज एक माणूस लिफ्टमध्ये चढतो आणि उतरतच नाही."

"आत राहत असेल. मुंबईत जागा कुठे आहे?"

"सीरियसली बोलतेय."

"सेन्सर गंडला असेल गं."

"सेन्सर गंडला तर आकडा वरखाली होईल ना. हा रोज तेवढाच आहे."

तेव्हा तो खुर्ची सरकवून माझ्या स्क्रीनपाशी आला. "सगळ्या ओळी आल्यात का? तू मजले हाताने लिहिलेस. ज्याला रकाना नाही त्याला क्वेरी गाळून टाकते. सांगत पण नाही."

त्याचं बरोबर होतं. मूळ नोंदींत काही ओळी अशा होत्या की त्यांत वेळ होती, वजन होतं आणि मजल्याची जागा रिकामी होती. रोज दिवेलागणीला कोणीतरी तळमजल्यावर चढत होतं आणि जिथे मजला नाही अशा ठिकाणी उतरत होतं.

"मजला ओळखायची चुंबकपट्टी वाचली गेली नाही की असं होतं," हर्षद म्हणाला. "'बाकी' नावाचा रकाना टाक आणि मोकळी हो."

मी टाकला. बेरीज शून्यावर आली आणि मला फार बरं वाटलं. एकच गोष्ट खटकली. त्या रिकाम्या ठिकाणी उतरलेलं वजन परत कधी खाली येत नव्हतं.

रात्री जेवताना मी हे गंमत म्हणून सांगितलं. आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं. आमचे आजोबा, धाकू, गिरणीतून निवृत्त झालेले, पानात मान घालून जेवत होते. त्यांची जेवायची एक पद्धत आहे. माशाचा एकेक काटा साफ करून ते पानाच्या कडेला ओळीने मांडतात, फणीच्या दातांसारखे. लहानपणी मी तेवढ्यासाठी त्यांच्या शेजारी बसायचे.

"आमच्या पेटीत?" त्यांनी विचारलं. लिफ्टला ते पेटीच म्हणतात आणि आत असेपर्यंत दांडी सोडत नाहीत.

"हो. पण आता हिशोब जुळला. मी त्याला रकाना दिला."

त्यांचा हात थांबला. "म्हणजे तू त्याका जागा दिलंस?"

"जागा नाही हो आजोबा. टेबलातला रकाना. आकडे ठेवायला."

"ठेवूक देतत ती जागाच मां."

"मामंजी, जेवताना कशाला ते," आई म्हणाली. पण मग तिनेच सांगितलं. चाळीत असताना दर अवसेला माझी आजी गॅलरीच्या टोकाला, नळापाशी एक पान मांडायची. चाळ बांधण्याआधीपासून त्या उतारावर जो कोणी होता त्याच्यासाठी. टॉवर झाल्यावर ते बंद झालं. इथे बाहेर पान मांडलं की शेजारी झुरळांची तक्रार करतात.

"ज्याचा नाव ठावक नाय, त्याचा पान भायर मांडूचा," आजोबा म्हणाले. "भितर नाय. भितर मांडला की तो भितरलो होता."

"झाला तर झाला. एक माणूस वाढला," मी म्हटलं.

"वाढना नाय गो. पानां तितकीच ऱ्हवतत." त्यांनी पुढचा काटा कडेला ठेवला. "काढ तो रकानो."

मी हो म्हटलं. पण रिपोर्ट पुढच्या आठवड्यात जायचा होता आणि तो रकाना काढला की बेरीज पुन्हा चुकणार होती. शिवाय क्वेरी फक्त वाचते. वाचण्याने वाचलेलं बदलत नाही. एवढं तरी मी शिकले होते.

पुढच्या आठवड्यात 'बाकी'चा रकाना रिकामा झाला.

मला वाटलं चुंबकपट्टी कोणी दुरुस्त केली. मग मी शेजारचे रकाने पाहिले. तेच अठ्ठेचाळीस किलो, तीच दिवेलागणीची वेळ. आता ते आठव्या मजल्यावर उतरत होतं.

आमच्या मजल्यावर दोन घरं आहेत. समोरचं विकलं गेलेलं नाही, कुलूप आहे.

त्या संध्याकाळी मी ऑफिसातून लवकर निघाले आणि आठव्या मजल्यावर लिफ्टसमोर उभी राहिले. पॅसेजमध्ये ट्यूबलाइट लागलेली होती. आमच्या घरातून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या, खालच्या मजल्यावर कोणाच्या तरी टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. लिफ्टची घंटी वाजली आणि दारं सरकली. आत कोणी नव्हतं. आरसा, पंखा, कोपऱ्यात कोणीतरी टाकलेलं दुधाच्या पिशवीचं टोक.

मग लिफ्टची जमीन बोटभर वर आली. आतलं माणूस उतरलं की ती अशी वर येते.

वास आला. ओल्या चुन्याचा. चाळीच्या भिंतींना दरवर्षी सफेदी व्हायची तेव्हा असा वास यायचा. टॉवरला डिस्टेंपर आहे. तो वास माझ्या उजव्या बाजूने गेला आणि पुढे आमच्या दारापाशी जरा जास्त झाला.

दार उघडं होतं. आजोबा उंबऱ्याच्या आत काठी आडवी धरून उभे होते. माझ्याकडे बघत नव्हते.

"अजून काढूक नाय तू," ते म्हणाले.

"उद्या सकाळी पहिलं तेच करते."

त्यांनी दार लावलं. काठी रात्रभर दाराला आडवी ठेवली. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, उभी ठेवली तर पडेल म्हणून.

सकाळी मी ऑफिसात पोचले. पर्स खांद्याला तशीच होती. क्वेरी उघडली, 'बाकी'च्या रकान्याची ओळ निवडली आणि पुसण्याआधी शेवटचं एकदा चालवून पाहिली. सवय म्हणून.

'बाकी'चा रकाना रिकामा नव्हता.

मी त्या सकाळच्या मूळ ओळी काढल्या. आठव्या मजल्यावर चौसष्ट किलो चढले होते. आजोबा. मागच्याच महिन्यात डॉक्टरांकडे त्यांचं वजन मी स्वतः करून आणलं होतं, आणि पेपर आणायला त्या वेळी तेच खाली जातात.

चौसष्ट किलो उतरले होते. मजल्याची जागा रिकामी.

त्याखालच्या ओळीत, त्याच रिकाम्या जागेवरून, अठ्ठेचाळीस किलो चढले होते. ते आठव्या मजल्यावर उतरले होते.

मी घरी फोन लावला.

"आई, आजोबा कुठे आहेत?"

"इथेच. आत्ताच आले वर. का गं?"

"बरे आहेत ना?"

"चांगले आहेत. उलट गुडघा दुखत नाही म्हणतायत आज. काठी लिफ्टमध्येच विसरून आले. वॉचमन देऊन गेला."

"पेपर आणला?"

"नाही. पेपर नाही आणला."

मी स्क्रीनकडे पाहिलं. कर्सर अजून त्या ओळीवर होता. नुसतं एक बटण दाबायचं होतं. रकाना नसला की क्वेरी त्यातलं सगळं गाळून टाकते, सांगत पण नाही. आणि आता त्यात आजोबा होते.

मी हात मागे घेतला.

घरी गेले तेव्हा ते हॉलमध्ये त्यांच्या जागेवर बसले होते. तोच सदरा, तीच भुवईवरची खूण. माझ्याकडे बघून हसले. मी बाथरूममधला वजनकाटा आणला आणि डॉक्टरांनी मागितलंय असं सांगितलं. ते आढेवेढे न घेता उभे राहिले. एरवी चार वेळा सांगावं लागतं.

काटा अठ्ठेचाळीसवर थांबला.

"जरा वाळलंय मी," ते म्हणाले.

जेवायला पुन्हा बांगडे होते. मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी दोन खाल्ले. पानात एकही काटा उरला नाही. दातांखाली काटे मोडत होते तो आवाज आईनेही ऐकला असणार, कारण ती उठून आत गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

"आई," मी आत जाऊन म्हटलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "काही बोलू नकोस. ऐकतात ते."

ऑफिसात रिपोर्ट जायची वेळ आली. हर्षदने तो बघितला. "क्लायंटला ही 'बाकी' समजणार नाही गं. उडव ना. एकच तर आकडा आहे त्यात."

"राहू दे."

"पण बेरीज शून्य येतेय. मग तुझी अडचण काय आहे?"

"तीच. पानं तितकीच राहिलीत," मी म्हटलं.

त्याने रिपोर्ट तसाच पाठवला. तेव्हापासून मी रोज पहिली ती क्वेरी चालवते आणि त्या सकाळची ओळ अजून आहे ना ते बघते. चौसष्ट. दुसऱ्या दिवशीही चौसष्ट. आकडा आहे तोवर ते कुठेतरी आहेत.

अवसेला आईने चार पानं वाढली. तीन आत. चौथं तिने माझ्या हातात दिलं, त्यावर भात आणि एक बांगडा. ती माझ्याकडे बघत नव्हती. मी ते लिफ्टच्या दारासमोर जमिनीवर मांडलं आणि आत येऊन जेवले.

जेवण होत आलं तेव्हा लिफ्टची घंटी वाजली. कोणी उठलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा वाजली. दारं बंद झाल्याचा आवाज आला. मी हात धुतला आणि बाहेर गेले.

भात संपला होता. पानाच्या कडेला बांगड्याचे काटे होते. साफ केलेले, एका ओळीत, फणीच्या दातांसारखे.

मी खाली वाकले. पान दोन्ही हातांनी उचललं, काटे सरकू नयेत म्हणून अगदी सपाट धरून, आणि घराकडे वळले. आत नेलं तर काय होईल मला माहीत नव्हतं. त्यांचं नाव तर आम्हाला माहीत होतं. त्यांचं पान बाहेर का?

उंबऱ्यापाशी माझा पाय उचललेला असतानाच हॉलमधून आवाज आला. आजोबांचाच, शांत, झोपेला आल्यासारखा.

"दार लावन घे गो. भायलो भितर येतलो."