पाण्याखालचा शब्द

फुगा कोणी फोडला असेल, सांगा बघू.

समुद्राच्या तळाशी, दहा मीटर खोल पाण्यात, रेवतीने एक लाल फुगा पाठीवरच्या टाकीतल्या हवेने चांगला टम्म भरला. तोंडाला घट्ट गाठ मारली आणि तो धरून ती सावकाश वर येऊ लागली. वाटेत काटेरी मासा नाही, खडक नाही, कोणी टाचणी टोचली म्हणावं तर आसपास चिटपाखरूही नाही. तरीही होडीपर्यंत पोचायच्या आतच फुगा फट्दिशी फुटला. हातात राहिली नुसती लाल चिंधी.

होडीवर बसलेल्या नवशिक्या मुलांनी डोकी खाजवली. एकाला वाटलं, फुगा उन्हाने फुटला. एकीने सरळ फुगे विकणाऱ्यालाच नावं ठेवली. समाधानने मात्र रेवतीकडून ती चिंधी मागून घेतली. हा समाधान माण तालुक्यातला, बारा वर्षांचा. त्याच्या गावी विहिरीचं पाणीही दोरी संपेस्तोवर दिसत नाही, आणि या पठ्ठ्याच्या वह्या मात्र प्रवाळांच्या (समुद्राच्या तळाशी वसाहत करून राहणाऱ्या इवल्या जीवांच्या) चित्रांनी भरलेल्या. हातातली चिंधी ताणून बघत तो हळूच म्हणाला, "वर येता येता फुगाच मोठा होत गेला का?"

नाना खूश झाले. नाना म्हणजे रेवतीचे आजोबा, डॉक्टर विश्वनाथ कुबल. जन्मभर समुद्राचा अभ्यास केलेला हा शास्त्रज्ञ. निवृत्तीनंतर झोपाळ्यावर बसून सोलकढी पीत राहिले असते तर कोणी काही म्हणालं नसतं. पण त्यांनी मालवणच्या किनाऱ्यावर 'पाणशाळा' काढली आणि मुलांना स्कूबा (हवेची टाकी पाठीवर बांधून पाण्याखाली श्वास घेत पोहणं) शिकवायला लागले. तेरा वर्षांची रेवती त्यांचा उजवा हात.

मग नानांनी फुग्याचं कोडं उलगडलं. आपल्या डोक्यावर हवेचा उंचच उंच थर आहे. त्याचा दाब (एखाद्या जागेवर पडणारा भार) जन्मापासून अंगवळणी पडलाय, म्हणून तो जाणवत नाही. पाणी हवेपेक्षा कितीतरी जड. इतकं जड, की दहा मीटर पाण्याचा दाब आभाळभर हवेच्या दाबाएवढा भरतो. म्हणजे दहा मीटर खाली गेलं, की वरच्या हवेचा एक आणि पाण्याचा एक, असा दुप्पट दाब झाला. दाब दुप्पट झाला की हवा निम्म्या जागेत बसते. पाहुणे गेल्यावर आई रजई दाबून दाबून कपाटात कोंबते ना, तसं. आणि कपाटाचं दार उघडलं की रजई पुन्हा फुगते. फुगा वर आला, दाब कमी झाला, आतली हवा पसरली. पसरून पसरून ती दुप्पट व्हायला निघाली, पण रबर तेवढं ताणलं जाईना.

"आता छातीवर हात ठेवा," नाना म्हणाले. "इथे दोन फुगे आहेत."

सगळ्यांनी हात ठेवले. नानांनी पुढचं सावकाश सांगितलं. टाकीला रेग्युलेटर (भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने हवा देणारी झडप) असतो. त्यामुळे तळाशी घेतलेल्या एका श्वासात वरच्या दोन श्वासांइतकी हवा असते. श्वास चालू ठेवला तर वर येताना जास्तीची हवा आपोआप बाहेर पडते, धोका काहीच नाही. पण कोणी तोंड मिटून श्वास रोखला आणि वर आला, तर त्याच्या फुफ्फुसांचं या फुग्यासारखं होईल. म्हणून पाणशाळेचा पहिला नियम एकच: पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही. मुलांनी तो तोंडपाठ म्हटला. समाधानचा आवाज सगळ्यांत खणखणीत होता. रेवतीला तो आवाज पुढे किती दिवस आठवत राहिला.

त्या वर्षी पाणशाळेत एक नवी वस्तू आली होती: बोलका मास्क. अख्खा चेहरा झाकणारा हा मास्क घातला की पाण्याखाली चक्क गप्पा मारता येत. नानांना तो फारसा पसंत नव्हता. त्यांनी आयुष्यभर हातांच्या खुणांनी शिकवलं होतं. उघडा पंजा दाखवला की थांब, अंगठा वर केला की वर चल, बस्स. पण रेवतीने हट्ट धरला. खुणांचं शास्त्र आता जुनं झालं, पोरं घाबरली तर खाली धीराचे दोन शब्द बोलता येतील, असं तिने नानांना पटवलं. नात बोलायला लागली की नानांचं काही चालत नसे. मास्क आले, आणि रेवतीचे पाय जमिनीवर ठरेनात. खुणा शिकवायचा तासही त्या खेपेला घाईघाईने उरकला गेला.

पाण्यात उतरायचा दिवस उजाडला. नाना एका मुलीला घेऊन पुढे गेले. समाधानची जबाबदारी रेवतीवर होती, आणि सोबतीला बाबल. बाबल म्हणजे पाणशाळेचं यंत्रकासव. प्रत्येक नवशिक्यामागे पोहायचं, त्याची खोली मोजायची आणि त्याच्या तोंडून निघणाऱ्या बुडबुड्यांवर लक्ष ठेवायचं, हे त्याचं काम. स्वभावाने भारी कामसू, पण बोलायला शिष्ट.

तळाशी नानांनी लावलेली प्रवाळांची बाग होती. समाधान तिच्यासमोर तरंगत राहिला. पिवळ्या फांद्यांमधून निळे मासे आत-बाहेर करत होते. एक मासा तर त्याच्या बोटांमधून निघून गेला. मास्कच्या काचेमागे त्याचे डोळे तेवढे दिसत होते, आणि ते बघून रेवतीलाच भरून आलं.

परतीच्या वेळी मात्र त्याला उत्साह आवरेना. होडीवरच्या आईला कधी एकदा सांगतो असं झालं असावं. त्याने जोरात पाय मारले आणि होडीपासून तळापर्यंत सोडलेली दोरी सोडून तो वर निघाला. वेगाने वर जाणंही बरं नाही, हे रेवतीला माहीत होतं. तिने मास्कमधून हाक दिली, "समाधान, घाई नको. दम धर. जरा दम धर."

समाधान गुणी मुलगा. त्याने लगेच पाय मारायचे थांबवले.

पण तो वर जायचा थांबला नाही. उलट त्याचा वेग वाढतच गेला. रेवतीला कळेना, पाय हलत नाहीत तर हा वर चाललाय कसा? इतक्यात बाबलचा कोरडा आवाज तिच्या कानात आला, "समाधानचे बुडबुडे बंद आहेत."

बुडबुडे बंद म्हणजे काय, हे समजायला रेवतीला एक क्षण लागला. एकच क्षण. मग तिच्या तोंडचं पाणी पळालं. ती ओरडली, "श्वास सोड, समाधान, श्वास सोड!" पण तोवर त्याचं डोकं पाण्याबाहेर गेलं होतं.

होडीवर घेतला तेव्हा तो छाती धरून खोकत होता आणि खोकल्यात रक्ताचा लालसर फेस येत होता. नानांनी त्याला नळीने शुद्ध प्राणवायू दिला. किनाऱ्यावरून उडती रुग्णवाहिका आली आणि त्याला घेऊन गेली. त्याची आई तिच्यात चढताना एवढंच म्हणत होती, "सांगितलेलं ऐकत नाही हो हा, सांगितलेलं ऐकत नाही."

समाधान वाचला. डाव्या फुफ्फुसाला बारीक चीर गेली होती आणि तिथून निसटलेली हवा फुफ्फुस आणि बरगड्या यांच्या मधे साठली होती. डॉक्टरांनी सुई घालून ती काढली. तेव्हा कुठे सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण डॉक्टर पुढे जे म्हणाले, त्याने पुन्हा काळजात चर्र झालं. चीर भरून येईल, मुलगा पळेल, खेळेल. स्कूबा मात्र आयुष्यात पुन्हा कधीही करायचा नाही. एकदा फाटलेली जागा दाबाच्या फरकाने पुन्हा फाटू शकते.

चार दिवसांनी रेवती त्याला भेटायला गेली. खरं सांगायचं तर तिला त्याचा थोडा रागही आला होता. एवढा हुशार मुलगा, फुग्याचं कोडं सोडवणारा, आणि पहिलाच नियम विसरला? ती खाटेशी बसली आणि न राहवून तिने विचारलंच, "श्वास का रोखलास रे?"

समाधान गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. "तूच म्हणालीस ना," तो म्हणाला, "दम धर."



रेवतीला म्हणायचं होतं, थांब, उतावीळ होऊ नकोस. आपण सगळे त्याच अर्थाने हा शब्द वापरतो. भाकरी तव्यावर असताना ताट घेऊन बसणाऱ्या पोराला आई म्हणते, जरा दम धर. पण दम म्हणजे श्वासही. पाण्याखाली, पहिल्याच खेपेला, घाबरत-हरखत श्वास मोजणाऱ्या मुलाला तो शब्द जसाच्या तसा ऐकू आला. त्याला नियम आठवत होता. पण आपल्याला सांभाळणारी ताई सांगतेय, म्हणजे काहीतरी कारण असेल, असं समजून त्याने छातीभर श्वास घेतला आणि धरून ठेवला. आता सगळंच तिला उमगलं. श्वास रोखला, छातीतली हवा पसरत गेली, हवेने भरलेलं अंग हलकं झालं, आणि पाय न मारताही तो बुचासारखा वर गेला. जितका वर, तितका दाब कमी. जितका दाब कमी, तितकी हवा जास्त.

आणि एक गोष्ट तर तिला आतून छळू लागली. रेवती घरी मालवणी बोलायची. घरात थांब म्हणायला तिच्या तोंडी शब्द होता 'रव'. वायच रव, म्हणजे जरा थांब. पाहुण्या मुलांशी शुद्ध, पुस्तकी बोलावं म्हणून तिने तो शब्द मुद्दाम टाळला होता. आपल्याच घरातला शब्द वापरला असता, किंवा नुसता पंजा दाखवला असता, तर हा मुलगा आज खाटेवर नसता. तिचं मन तिला खात राहिलं.

दाराबाहेर समाधानची आई बसली होती. अजूनही तिची समजूत तीच होती, की पोराने ऐकलं नाही. रेवती तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिने सगळं सांगितलं. "काकू, त्याने ऐकलं," ती म्हणाली. "मी चुकीचं बोलले, आणि त्याने ते ऐकलं."  आई उठून आत गेली आणि लेकाच्या केसांतून हात फिरवत बसली.

घरी परतताना रेवतीला वाटलं, नाना आता मास्कवरून बोलतील. बोलले असते तर तिला बरंच वाटलं असतं. पण नाना समुद्राकडे बघत म्हणाले, "चूक तुझी एकटीची नाय गो. पाण्यात काय बोलूचा नि काय नाय, ता मी तुका शिकवूक होया होता." त्यांचा आवाज तिने असा थकलेला कधी ऐकला नव्हता.

तेव्हापासून पाणशाळेत शब्दही हवेच्या टाकीसारखे तपासले जातात. दोन अर्थांचा शब्द पाण्याखाली न्यायचा नाही. खुणांचा तास पुन्हा पूर्ण वेळाचा झाला. आणि थांब म्हणायचं तर उघडा पंजा दाखवून 'रव'. नागपूरचं मूल असो की जळगावचं, होडीत बसल्यावर आधी हा शब्द शिकतं. बाबललाही नवं काम मिळालं. बुडबुडे थांबले की तो आता रेवतीच्या कानात बोलत बसत नाही. थेट शिकणाऱ्याच्या कानात सांगतो: श्वास सोड.

दिवाळीच्या सुट्टीत समाधान आला. तो आता होडीवर बसून वर येणाऱ्या बुडबुड्यांवर नजर ठेवतो आणि नवशिक्यांना फुग्याचं कोडंही तोच घालतो. त्या दिवशी रेवती वर आली तेव्हा त्याने विचारलं, "बाग कशी आहे?"

"आहे तशीच," ती म्हणाली. पिवळ्या फांद्यांना नवे कोंब फुटले होते, हे तिने सांगितलं नाही.

"पूर्ण सांग," समाधान म्हणाला. मग तिला सांगावंच लागलं.

ऐकून झाल्यावर तो विचारात पडला. पाणी खोल आहे म्हणून फुफ्फुस फाटलं नाही, दाब बदलला म्हणून फाटलं, हो ना? मग आतला दाब बदललाच नाही तर? एखादी भक्कम भिंतींची पाणबुडी असली आणि तिच्या आत जमिनीवरचाच दाब ठेवला, तर कितीही खाली गेलं तरी छातीतल्या हवेला काही कळणारच नाही. त्याने हे बोलून दाखवलं आणि नाना उठून उभेच राहिले. त्यांचे जुने विद्यार्थी नेमकी तशीच काचेची छोटी पाणबुडी तयार करत होते. तपासण्या व्हायला चार-पाच वर्षं तरी लागणार होती.

रेवतीला आनंद झाला, आणि त्याच्या खाली जुनी खंत होतीच. समाधान बाग बघेल, पण काचेतून बघेल. मासे बोटांमधून जातात तेव्हा काय वाटतं, ते त्याला एकदाच कळलं होतं.

"चार-पाच वर्षं म्हणजे खूपच झाली रे," ती म्हणाली.

समाधानने पाण्याकडे बघत लांब श्वास सोडला, अगदी शेवटपर्यंत.

"मग काय," तो हसून म्हणाला, "जमिनीवर आहे तोवर दम धरतो."