दाखल क्रमांक ६१८

मुकुंदरावांची एक सवय होती. पुस्तक कुठलंही असो, शेवटचं पान ते स्वतः वाचत नसत; लेकीकडून, रसिकाकडून वाचून घेत. ती सात वर्षांची होती तेव्हापासून थेट चाळिशीला टेकेपर्यंत.

त्या शुक्रवारी हिमायतनगरच्या घरात त्यांनी चहा संपवला, शेवटच्या पानात नुमाइशचं, दरवर्षीच्या प्रदर्शनाचं, जुनं तिकीट खुणेला ठेवलं आणि पुस्तक पुढे केलं.

"आज नको बाबा. वेळ नाही, प्रोजेक्ट आहे."

"बरं. मी थांबतो."

रसिका खोलीत जाऊन फोन चाळत बसली. शनिवारी सकाळी मुकुंदराव उठलेच नाहीत.

तीन महिन्यांनी तिने ग्रंथालयशास्त्राचा तो शेवटचा प्रकल्प पुन्हा हाती घेतला. जामबागच्या लहानशा मराठी वाचनालयातलं प्रत्येक पुस्तक पडताळून नवी सूची करायची होती. देखरेख तिथल्या ग्रंथपाल जयवंताबाईंची. सगळी पुस्तकं जुळली. एक सोडून.

"दाखल क्रमांक सहाशे अठरा. तुझ्या वडलांच्या नावावर आहे की गं," जयवंताबाई वहीतून मान वर न करता म्हणाल्या. "ते पुस्तक आल्याबिगर तुझ्या प्रकल्पावर माझी सही नाही. कधी ना कधी आणायचंच, आण आता."

रसिकाने घरी त्या पुस्तकाच्या शेवटच्या पानातलं तिकीट काढून बाबांच्या चष्म्याच्या डबीत ठेवलं. पुस्तक वाचनालयात आणून कपाटात लावलं.

दुसऱ्या सकाळी ते खिडकीपाशी टेबलावर होतं. समोरासमोर दोन खुर्च्या ओढलेल्या.

"तुम्ही काढलंत?" तिने जयवंताबाईंना विचारलं.

"मला काय हौस? कुलूप आत्ता तुझ्यासमोर उघडलं ना."

तिने ते परत लावलं. तिसऱ्या सकाळी पुन्हा टेबलावर. या वेळी तिने उघडून पाहिलं. शेवटच्या पानात नुमाइशचं तिकीट होतं.

घरून निघताना तिने डबी पाहिली होती. तिकीट आत होतं.

जयवंताबाईंनी तिकीट पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "चहा सांगून येते," म्हणाल्या आणि जाताना दार हलकेच ओढून घेतलं.

रसिका बसली. मोठ्याने वाचू लागली. पान संपवलं.

समोरच्या खुर्चीचा वेत कुरकुरला.

तिने पुस्तक कपाटात नेऊन ठेवलं. शेजारच्या पुस्तकाच्या जागी फट होती.

ती वळली.

टेबलावर सहाशे एकोणीस होतं. तिकीट पहिल्याच पानात.

रसिकाने आपली खुर्ची थोडी पुढे ओढली.

"बाबा," ती म्हणाली, "त्या दिवशी मला वेळ होता."