शाळेची पिंपं

"ओ, थांबा! ती पिंपं आधी खाली ठेवा!"

शैलश्री धावत जाऊन टेम्पोपुढे आडवी उभी राहिली. सीमाभागातल्या कडगंचीच्या वाटेवरच्या त्या लहानशा गावातल्या मराठी शाळेत ती विज्ञान शिकवायची. टेम्पोत तिच्या सातवीच्या मुलांची पिंपं होती. पावसाचं पाणी साठवायला मुलांनी पत्रे वाकवून पन्हाळी केल्या होत्या, पिंपांच्या तोंडाला जुन्या लुगड्याची फडकी बांधली होती. कालच्या सरींनी पिंपं काठोकाठ भरली, तेव्हा चंद्रम्मा नावाची मुलगी आनंदानं नाचली होती. आता तीच भिंतीला टेकून रडत होती.

टेम्पोतून एक उंच तरुण उतरला. "मी बसवप्रभु, मंडपवाला. हावगेप्पाकाकांनी पिंपं मागवलीत. स्टेजपुढं कारंजं लावलंय, त्यात घालायला."

"कार्यक्रम कशाचा हाय?"

तो घुटमळला. "...पाणी वाचवा, म्हणून."

शैलश्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. "आन् त्यासाठी लेकरांचं पाणी पळवायलाव? लाज न्हाई वाटत?"

"वाटायलीय की," तो हळूच म्हणाला. "पन एक पिंप आधीच नेऊन कारंज्यात वतलंय, बाई... चला, काकांनाच इचारू."

ती तरातरा टेम्पोत चढून बसली. वाटेत त्यानं दोनदा चोरून पाहिलं. दोन्ही वेळा तिनं असे डोळे वटारले, की त्यानं मान थेट रस्त्याकडे वळवली.

हावगेप्पा म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. ते हसले. "बाई, पानी काय, परत पडंल आभाळातून! पाहुने यायलेत. वत रे."

"लेकरांना मी काय सांगू, अप्पा?" शैलश्री पुढं झाली. "पानी साठवा, म्हंजे मोठी मानसं येऊन घिऊन जातील?"

हावगेप्पांनी तोंड फिरवलं.  बसवप्रभु शांतपणे मंडपाच्या दोऱ्या सोडू लागला.

"काय करायलास रे?"

"मंडप काढायलोय, काका. मंडप माझा हाय. पिंपं शाळंत गेली, की परत बांधतो."

लोक बघत राहिले. एक कनात खाली आली... दुसरी आली... तिसरीला हात लागताच हावगेप्पा ओरडले, "ने, ने बाबा ती पिंपं!"

पिंपं पुन्हा पन्हाळीखाली बसली. चंद्रम्मानं डोळे पुसत फडकं नीट बांधलं. बसवप्रभु घामेजल्या कपाळानं फाटकाशी रेंगाळत होता.

"राग गेला का, बाई?"

"न्हाई. एक पिंप गेलंच की आमचं."

"भरून देतो. पाऊस आला, की येतो."

"आन् न्हाई आला तर?"

"तरीबी येतो..." त्याचे कान लाल झाले. "पिंपाचं निमित्त हाय, बाई. तुमी टेम्पोपुढं उभारलाव ना... तवाच मला वाटलं, ह्या बाईचं जन्मभर ऐकावं."

शैलश्रीनं रागानं बघायचा खूप प्रयत्न केला. पण ओठ फितूर झाले.

"मग उद्याच या," ती म्हणाली. "चहाला. माझ्या वडलांनाबी भेटा."