नासारिओ काकांची डबी

दूर उत्तरेला, बर्फाच्या शहरात शिकत असताना नायेलीला वाटायचं, आपण परत गेलो की आपली दरी आपलं ऐकण्यासाठी वाट बघत बसलेली असेल. ओढे, झाडं, पाखरं, सगळं वाचवायचं होतं तिला. प्रत्यक्षात ॲरिझोनाच्या त्या टोकाच्या दरीत तिला भेटली एक खंगलेली मावशी, अंगणातल्या मेस्कीटच्या झाडाला टांगलेली, लाल प्लास्टिकच्या फुलांची साखरपाण्याची बाटली आणि कुंपणापलीकडून टोमणे मारणारा फिदेन्सिओ.

"या, पाखरांच्या मास्तरीणबाई!" तो ओरडायचा. "आज कुणाच्या तोंडचा घास काढायला निघालात?"

कारण नायेलीने दारोदार फिरून सगळ्यांना बाटल्या उतरवायला लावल्या होत्या. थंडी आली की इवल्या हमिंगबर्ड पाखरांनी दक्षिणेला जायचं असतं. आयतं साखरपाणी मिळत राहिलं तर ती अडकतात आणि गारठून मरतात, असं ती कळकळीने सांगायची. लोकांनी ऐकलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीचा मृतांचा सण आटोपला आणि अंगणाअंगणातली लाल प्लास्टिकची फुलं फडताळात गेली.

राहिली ती ओदिलिया मावशीची बाटली. मावशीनेच नायेलीला लहानाचं मोठं केलं होतं. तिचे यजमान नासारिओ काका गेल्या उन्हाळ्यात वारले. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना शब्द फुटत नसे. मावशीला अंगणात बोलवायचं असलं की ओठ मिटून ते घशात घुमवायचे: दोनदा तोकडं, एकदा लांब. मग दोघं बाकावर बसून बाटलीवरची पाखरं बघत. ते गेले आणि मावशीने अन्न टाकलं. पुढे एक जांभळ्या गळ्याचं पाखरू रोज संध्याकाळी एकाच फुलावर येऊन बसू लागलं, तेव्हा कुठे तिच्या पोटात दोन घास जाऊ लागले. ती त्याच्याशी बोलायची. कोणाशी बोलतेय हे तिला विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

"मावशी, त्याला जायला हवं गं. तू त्याला मारतेयस," नायेली म्हणाली.

मावशीने बाटलीकडे एकदा पाहिलं. "काढ बाई. शिकून आलीस ना तू."

बाटली निघाली. फांदीला उरली नुसती तार.

मग उत्तरेचा वारा सुटला. दुपार कलतानाच उजेड राखेसारखा झाला आणि हवेला जळक्या लाकडाचा वास आला. नायेली सरपण आणायला अंगणात गेली, तर तारेला काहीतरी लोंबत होतं. सुकलेली शेंग असेल म्हणून ती जवळ गेली.

पाखरू होतं. पायांनी तार घट्ट धरून उलटं लटकलेलं, डोळे मिटलेले, चोच जमिनीकडे. तिने बोट लावलं. ओढ्यातल्या खड्यासारखं गार.

मावशी दारात कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही. ती ओरडली नाही. तिने पाखरू सोडवून आपल्या रुमालात घेतलं आणि हलकेच म्हणाली, "ह्यांना दुसऱ्यांदा घालवलंस गं."

दिवस मावळायच्या आत पुरायला हवं, एवढंच ती पुढे बोलली. काकांची तंबाखूची पत्र्याची डबी तिने आणली, रुमालासकट पाखरू आत ठेवलं. नायेलीने मेस्कीटखाली हातभर खड्डा खणला. डबीवर माती पडली तेव्हा मावशीच्या तोंडची प्रार्थना अर्ध्यावर तुटली. दोघी बाकावर बसल्या. मावशीच्या चेहऱ्यावर आता काहीच नव्हतं, आणि नायेलीला त्याचीच भीती वाटली. ही बाई पुन्हा जेवणार नाही.

वारा एकाएकी पडला.

"ऐकलंस...?" मावशी म्हणाली.

"वारा असेल."

"वारा थांबलाय, पोरी..."

आणि मग नायेलीलाही ऐकू आलं. खालून. मातीतून, पत्रा थरथरावा तसं. दोनदा तोकडं... एकदा लांब.

 फावडं शोधायचंही तिला सुचलं नाही. नखांनीच तिने माती उपसली, डबी ओढून काढली, झाकण उचकटलं.

आवाज बंद. पाखरू जसं ठेवलं होतं तसंच. ताठ. गार.

मावशीने ते उचललं, पोलक्याच्या आत छातीशी धरलं आणि स्वयंपाकघरात चुलीजवळ जाऊन बसली. नायेली समोर बसून राहिली. बऱ्याच वेळाने मावशीचे डोळे मोठे झाले.

"हलतंय गं..."

तेव्हा नायेलीला आठवलं. वर्गात ती हेच शिकली होती. थंडीत, उपाशीपोटी ही पाखरं इतकी खोल झोपतात की श्वाससुद्धा कळत नाही. तिला सगळं माहीत होतं, आणि तारेपाशी त्यातलं काहीच आठवलं नव्हतं.

"मेलं नव्हतं मावशी! झोपलं होतं!"

"मग बघत काय बसलीस? साखर विरघळव!"

कोमट साखरपाण्याच्या चमच्यात चोच बुडाली. दोऱ्यासारखी जीभ लवलव करू लागली. मावशी हसता हसता रडली. "ह्यांनाही असंच चमच्याने भरवायचे मी," ती म्हणाली, आणि मग, "मलाही वाढ काहीतरी. घेवडा उरलाय का? भूक लागली मेली!"

तिने दोन रोट्या खाल्ल्या. पाखरू टोपलीत, चुलीच्या उबेला झोपलं.

सकाळी अंगणात दहिवर गोठलं होतं. नायेलीने भरलेली बाटली तारेला टांगली आणि टोपली उघडली. पाखरू सणकन उडालं, आपल्या नेहमीच्या फुलावर बसलं. 

"काय हो मास्तरीणबाई, हे काय?" कुंपणावरून फिदेन्सिओ.

"चुकले काका. बाटलीमुळे कुणी अडकत नाही, जाणारी पाखरं केव्हाच गेली. जी राहिलीत, त्यांना आपल्याशिवाय कोणी नाही. तुमचीही बाटली टांगा. आता सगळ्यांकडे जाऊन सांगणार आहे."

"बायकोने कधीच टांगलीय. तुमच्यापासून लपवून, मागच्या अंगणात!"

हसत हसतच ती खड्डा बुजवायला फावडं घेऊन गेली. एक गोष्ट मनात सलत होती. डबीतलं पाखरू इतकं गार होतं, की त्याला पीसही हलवता आलं नसतं. मग घुमलं कोण?

तिने मातीत फावडं घातलं. खालून, रिकाम्या खड्ड्यातून, अगदी हळू... दोनदा तोकडं. एकदा लांब.

स्वयंपाकघराचं दार वाजलं. ओले हात पुसत मावशी बाहेर आली. "आले हो, आले," असं म्हणत ती बाकावर बसली, शेजारी जागा सोडून.

नायेलीने फावडं भिंतीला टेकवून ठेवलं. तो खड्डा बुजवायचा नाही, असं तिने ठरवलं.