सौंसरच्या फाइलीतल्या तीन ओळी

अमिता डबा खाऊन परतली, तर तिच्या खुर्चीत एक अनोळखी तरुण बसलेला. तिनं पाच वर्षांपूर्वी लिहिलेला प्रोग्राम वाचत होता आणि चक्क हसत होता!

"हसून काहून राहिले?"

"कोडमंदी डेटाबेसले शिव्या लिहून ठेवल्या तुमी..." तो गडबडून उठला.

हा हर्षल, पांढुर्ण्याच्या शाखेतला. संत्रा बागायतदारांच्या संस्थेची कार्यालयं दोन, अमिताचं सौंसरला आणि दुसरं पांढुर्ण्याला; डेटाबेसही दोन तऱ्हांचे. आता एकच प्रोग्राम दोन्हीकडे चालवायचा होता. मुलगा देखणा, बोलायला गोड, म्हणूनच अमिताच्या मनात पाल चुकचुकली. सौंसरचा डेटाबेस गुंडाळला की तिची नोकरीही गेलीच.

"मागं कोनता डेटाबेस आहे, हे मुख्य प्रोग्रामले माहीतच नाई पडलं पाहिजे," तो चहा पिताना सांगायचा. "तो फक्त म्हनते, ठेव, नाईतर आन. कसं ते ज्याच्या त्याच्या क्लासनं, म्हंजे कोडच्या वेगळ्या तुकड्यानं, पाहावं."

"म्हंजे कोनाशीच बांधून नाई घ्यायचं. एक काढला, दुसरा बसवला."

"कोडमंदी..." तिच्याकडे बघत तो म्हणाला, "फक्त कोडमंदी."

तिनं नजर वळवली. कान मात्र तापले होते.

दुपारचं ऊन तिच्या स्क्रीनवर येऊ नये म्हणून तो खिडकीत खुर्ची ओढून बसायचा. तिला ते फार आवडायचं, आणि आवडायचं म्हणून संशय वाढायचा. फोन आला की हा बाहेर जाऊन हळू बोलतो... कोणाशी?

सोमवारी संस्थेचे सचिव केशवराव काम पाहायला येणार होते. शुक्रवारी तो फोन घेऊन बाहेर गेला आणि तिनं त्याच्या फाइली उघडल्या. पांढुर्ण्याचा क्लास चारशे ओळींचा. सौंसरचा तीन ओळींचा, आत काहीच नाही!

तो आत आला तेव्हा तिचे डोळे भरले होते. "केसानं गळा कापला न माहा! सोमवारी सौंसर चालनारच नाई, मंग मले घरी पाठवतीन."

हर्षलनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं लिहिणाऱ्याचं नाव होतं — अमिता.

"रामाकोना गावात एकाच नावाचे चार बागायतदार. तुमी त्याइले ज्याच्या त्याच्या विहिरीवरून ओळखता. हे मी काय लिहू? हा क्लास तुमीच लिहासान आन तुमीच सांभाळसान, यासाठी तीन आठवडे केशवरावांशी भांडून राहिलो फोनवर. आत्ता हो म्हनले ते."

"मले सांगाले काय झालं होतं?"

"ते नाई म्हनले असते तर...? तुमचं तोंड उतरलेलं पाहवलं नसतं मले. तुमी आवडता मले."

अमितानं डोळे पुसले, पण संशय काही एवढ्यात जाणार नव्हता. "पांढुर्ण्याच्या ऑफिसातही हेच बोलून आले असान."

"तिथं माह्या समोर भगवंतराव बसते. पुढच्या महिन्यात रिटायर होऊन राहिले."

ती हसली. मग कीबोर्ड पुढं ओढत हळूच म्हणाली, "खिडकीत बसा मंग... ऊन येऊन राहिलं."