परतनाद

परतनाद यंत्र लहरी सोडत होतं आणि खडा ढिम्म होता.

"पसरतायत," ध्वनिशास्त्रज्ञ इरफान मुजावर पडद्याकडे बघत म्हणाला. "सगळ्या लहरी खड्याच्या आजूबाजूला पसरतायत. एक नेमकी लागेल तर शपथ."

डॉ. नीलाक्षी तांबवेकरने यंत्र थांबवलं. सांगलीच्या या प्रयोगशाळेतल्या टेबलावर पद्मावती आरवाडे झोपेच्या औषधाखाली होत्या. वय चोपन्न, वजन एकशे बासष्ट किलो, धंदा शिवणकाम आणि मूत्रपिंड एकच. दुसरं जन्मापासूनच नव्हतं. त्या एकुलत्या मूत्रपिंडाच्या तोंडाशी दोन सेंटिमीटरचा खडा अडकला होता. नळी घालायचे दोन प्रयत्न फसले होते. उद्या सकाळपर्यंत वाट मोकळी झाली नाही, तर मूत्रपिंड कायमचं जाणार होतं.

पाच वर्षांत चार दवाखाने झाले. साध्या लहरी चरबीत विरायच्या, सुई खड्यापर्यंत पोचायची नाही, पालथं झोपवून भूल द्यावी तर श्वास कोंडायचा. सगळीकडून एकच निरोप: आधी चाळीस किलो कमी करून या. वजन म्हणजे जणू देवळाबाहेर काढून ठेवायच्या चपलाच!

आताही श्वास अडखळायला लागला, तसं नीलाक्षीने औषध बंद केलं. "पुन्हा झोपवता येणार नाही यांना. इरफान, तत्त्वातच काही चुकतंय का आपलं?"

"तत्त्व कसं चुकेल, मॅडम? काल आपण खड्याला हलकी टिचकी मारली, तो किणकिणला. तो आवाज चरबीतून, स्नायूंतून वळणं घेत बाहेर आला आणि पोटाला बांधलेल्या पट्ट्यावरच्या नऊशे कानांनी टिपला. चार तास गणित करून आज तोच आवाज उलटा सोडतोय. शेवटी आलेला आधी. आल्या वाटेने परत जायचं आणि सगळा जोर खड्यावर एकवटायचा. चरबी कितीही असू दे. आपल्या यंत्राला ती अडथळा नाहीच, वाट आहे."

"वाट कालचीच असेल तर."

"एका रात्रीत माणसाचं शरीर बदलतं होय?"

थोड्या वेळाने पद्माताईंनी डोळे उघडले. "फुटला?"

"नाही," नीलाक्षी म्हणाली. खोटं सांगणं तिला कधीच जमलं नव्हतं. "कालचं शरीर आणि आजचं शरीर जुळत नाहीये, पद्माताई. का ते कळत नाही."

पद्माताईंनी मान उचलून पोटावरचा पट्टा पाहिला. "काल हा नीट बसला हुता. आज का रुतलाय?"

"लांबी कालचीच आहे," इरफान म्हणाला.

पद्माताईंनी तोंडावर हात धरला.

"माझंच चुकलं बघा. तीस वर्षं ड्रेस शिवतीया मी. टेप लावली की बाई पोट आत घेती. मग ड्रेस उसवला की भांडायला माझ्याकडंच! पोरीबाळींना सारखी सांगत असते, बाई, पोट सोड, खरं माप दे. आणि काल तुम्ही पट्टा बांधला, तशी मीच..."

"किती वेळ आत धरलं होतंत?"

"सगळा वेळ. एवढी शिकलेली माणसं बघत हुती. डॉक्टरसमोर पोट सोडायचं धाडस कधी झालंच नाही मला."

औषधाने झोप लागली आणि पोट सुटलं. वाट बदलली. एवढंच झालं होतं. नऊशे कानांच्या यंत्राला जे कळलं नाही, ते एका शिंपिणीला पट्टा बघून कळलं. नीलाक्षीला शरम वाटली. यंत्राची नव्हे, पाच वर्षांतल्या त्या चार दवाखान्यांची.

नवी नोंद जागेपणीच घ्यावी लागणार होती. इरफानने न सांगता खुर्ची भिंतीकडे फिरवली. नीलाक्षीने पट्टा सैल केला.

"सोडा आता."

पद्माताईंनी प्रयत्न केला. "सुटत नाही हो. सवयच गेली."

नीलाक्षीने त्यांचा हात हातात घेतला. "मला घाई नाही. तुम्ही जेवढ्या आहात तेवढ्याच हव्या आहात मला. तसूभरही कमी नको."

बऱ्याच वेळाने पोट हळूहळू सुटत गेलं. पट्टा अकरा सेंटिमीटर वाढवावा लागला. पद्माताईंच्या डोळ्यांतलं पाणी कानांकडे ओघळत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"किणकिण स्वच्छ आली," इरफान भिंतीला म्हणाला.

चार तासांनी त्याच हाताला धरून, तसंच पोट सोडून, पद्माताई जागेपणी निजून राहिल्या. तिसऱ्या लहरीला खड्याला तडा गेला. नवव्या लहरीला पडद्यावर नुसती वाळू उरली आणि संध्याकाळी मूत्रपिंड मोकळं वाहू लागलं.

घरी जायच्या दिवशी पद्माताईंनी पिशवीतून टेप काढली. "एक ड्रेस शिवणार आहे तुमच्यासाठी. नाही म्हणायचं नाही."

नीलाक्षी हसत उभी राहिली. टेप कमरेभोवती आली. पद्माताई आकडा वाचता वाचता थांबल्या आणि त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"सोडा, डॉक्टर," त्या हळूच म्हणाल्या.